लाइफगार्ड नसलेल्या किनाऱ्यावर बोर्ड घेऊन उतरण्याआधी

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा: गोव्यात दोन हंगामांत मिळून सर्फिंगचे दहा-बारा धडे झालेत, फेसाळ लाटेवर उभं राहता येतं, स्वतःचा फोमचा बोर्डही आलाय. कोजागरीच्या शनिवार-रविवारी सहा मित्र वेंगुर्ला-शिरोड्याच्या बाजूला एका मोकळ्या किनाऱ्यावर जाणार. तिथे गर्दी नाही, लाइफगार्डही नाही. चौघांना पोहता येतं, दोघांना नाही. संध्याकाळी चारपासून सूर्यास्तापर्यंत सर्फिंग, रात्री मसाला दूध आणि चांदण्यात डुंबणं. आणि विचारलंय की ऑक्टोबरात समुद्र शांतच असतो, मग आणखी काय काळजी घ्यायची?

मी आठ हंगाम गोव्यात लाइफगार्डची नोकरी केली आणि त्यानंतर आजवर सर्फिंग शिकवतोय. घर मालवण तालुक्यात, त्यामुळे हा पट्टा पायाखालचा. उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. बोर्ड जरूर न्या. संध्याकाळचं सर्फिंग सकाळी सातला हलवा. चांदण्यातलं डुंबणं रद्द करा, दूध वाळूवर बसून प्या. आणि पोहता न येणाऱ्या दोघांना 'कमरेपर्यंत जा, काही होत नाही' असं कुणीही सांगायचं नाही. त्यांची हद्द गुडघा.

आता 'ऑक्टोबरात समुद्र शांत' या वाक्याकडे येतो, कारण सगळी गफलत तिथे आहे. वरून बघाल तर ते खरं आहे. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की होड्या बाहेर पडतात, दसऱ्यापर्यंत पाण्याचा गढूळपणा जातो, लाटा अर्धा-एक मीटरवर येतात. पण तळ अजून पावसाळ्यातलाच असतो. जून ते ऑगस्टच्या लाटा किनाऱ्यावरची वाळू खरवडून आत नेतात आणि पन्नास-शंभर मीटरवर तिचे आडवे बांध घालतात. ही वाळू परत किनाऱ्याला लागायला पुढचे कित्येक महिने जातात. तुम्ही जाणार तेव्हा ते बांध जागेवर असतात आणि त्यांच्यात मधे मधे खिंडी असतात. लाटा बांधावरून पाणी किनाऱ्याकडे टाकत राहतात, आणि ते पाणी समुद्रात परत जायला वाट शोधतं ती खिंडीतून. आमच्याकडे याला 'ओढ' म्हणतात, पोरं 'करंट' म्हणतात. समुद्राचा पृष्ठभाग दोन आठवड्यांत निवळतो, तळाला निवळायला दिवाळी उलटूनही महिने जातात.

आणि 'धोका फक्त पावसाळ्यात' हेही डोक्यातून काढा. रायगडमधल्या मुरूडला पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतली डझनाहून जास्त मुलं बुडाली ती १ फेब्रुवारी २०१६ ला. मालवणच्या वायरीला बेळगावच्या सहलीतले ८ जण गेले ते १५ एप्रिल २०१७ ला. दोन्ही वेळा पावसाचा मागमूस नव्हता. मी नंतर पंचांग काढून बघितलं. मुरूडचा दिवस कृष्ण अष्टमीच्या आसपासचा, म्हणजे भांगाचा, जेव्हा भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी असतो. वायरीचा दिवस पौर्णिमेनंतर चारच दिवसांनी. म्हणजे उधाण, पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती, टाळलं की सुटलो, असंही नाही.

तरी तिथी बघायचीच, कारण तुमची तारीख पौर्णिमेची आहे. पाऊणकीचा पाढा आठवतोय का? तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे साधारण तीनला भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. माझ्या आजोबांकडे घड्याळ नव्हतं, पण भरती त्यांना कधी चुकली नाही. गावागणिक अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, त्यामुळे खात्रीसाठी भरतीचं कोष्टक बघा. पण हिशेब असा: कोजागरीला पूर्ण भरती सकाळी अकराच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. पाणी उतरतं तेही एकसारख्या वेगानं नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी उतरून जातं, म्हणजे तुमच्या दिवशी दुपारी एक ते तीन. पाणी जसजसं खाली येतं तसतशा लाटा बांधावर जास्त फुटतात, खिंड अरुंद होते आणि ओढ वाढते. तुम्ही चारला उतरणार म्हणजे ऐन ओढीत उतरणार, अंगावर जेवणाची सुस्ती, आणि चुकलंमाकलं तर हाताशी दोन तासांचा उजेड.

सकाळी सात ते दहा सगळं उलटं असतं. पाणी चढतं असतं. मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, मंद वाहत असतो आणि त्यानं लाटेचा चेहरा साफ राहतो. दहा-अकरानंतर खारा वारा उठतो आणि पाणी खदखदायला लागतं. सर्फिंगला सकाळ बरी ती यासाठी. मतलईची एकच खोड आहे: बोर्ड सुटला, चेंडू सुटला, हवेची ट्यूब सुटली की ती थेट अरबस्तानाच्या वाटेला लागते. पाण्यात खेळायची हवेची गाद्या-बदकं घरी ठेवा. त्यांच्यामागे पोहत गेलेली माणसं मी परत आणलेली आहेत, आणि एकदा नाहीही आणता आलेली.

लाइफगार्ड नाही याचा नेमका अर्थ काय होतो ते सांगतो. लोकांना वाटतं, बुडालो तर काढणारा नाही. ते आहेच. पण गोव्यात २००८ पासून पगारी लाइफगार्ड आहेत, त्यांचं मोठं काम बुडणाऱ्याला काढणं हे नाही. तुम्ही न्याहारी करून किनाऱ्यावर येता, त्याच्या आधीच कुणीतरी पाणी बघितलेलं असतं, खिंड कुठे सरकली ते ओळखलेलं असतं आणि चांगल्या जागी लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात. तुम्ही त्या दोन झेंड्यांमध्ये उतरता आणि आपण समुद्र ओळखतो असा समज करून घेता. तुमचे दहा-बारा धडे अशाच पाण्यात झालेत. आता ते पाणी बघायचं काम तुमच्यावर आहे. कोकणात काही किनाऱ्यांवर ग्रामपंचायतीनं जीवरक्षक नेमलेले असतात, तिथे प्रश्न नाही. तुम्ही म्हणताय तिथे मात्र तुम्हीच.

मग बघायचं कसं? वाळूवर उभं राहून नाही. डोळा पाण्याच्या पातळीला असेल तर सगळ्या लाटा एकीपुढे एक सपाट दिसतात. उंचावर जा: सुरूच्या बनातला वाळूचा उंचवटा, धक्का, गाडीचं टपसुद्धा चालेल. तिथे वीस मिनिटं बसा. पाच नाही, वीस. लांबून आलेल्या मोठ्या लाटा गटानं येतात. चार-सहा येतात आणि मग दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही. पाच मिनिटं बघणारा नेमका त्या शांततेत बघतो, 'अरे, काहीच नाहीये' म्हणतो आणि उतरतो.

बघताना फेस शोधायचा नाही, फेस जिथे नाही ती जागा शोधायची. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधेच दहा-वीस मीटरचा पट्टा गडद, गुळगुळीत, लाट न फुटणारा दिसतोय, त्याच्या तोंडाशी वाळूमिश्रित पाण्याची जीभ आत गेलीय, तीच खिंड. नवख्याला नेमकी तीच जागा पोरांना खेळायला बरी वाटते. त्या वेळी त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटली असती.

खात्री करायची माझी पद्धत अगदी गावठी आहे. शहाळं प्यायल्यावर ते टाकू नका. संशय असेल त्या जागी गुडघाभर पाण्यात उभं राहून ते फेका आणि बघत राहा. शहाळं पाण्यात जवळजवळ बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, पाणीच नेतं. माणसाच्या डोक्यासारखंच. ते लाटेबरोबर परत पायाशी आलं तर ठीक. बाजूला सरकत गेलं तर किनाऱ्याला समांतर ओढ आहे, ती कुठेतरी खिंडीत जाऊन मिळणार. शहाळ्यामागे वाळूवरून चालत जा, खिंड आपोआप सापडते. आणि सरळ आत गेलं तर उत्तर मिळालंच. मागच्या वर्षी एका मोकळ्या किनाऱ्यावर माझ्या विद्यार्थ्यांसमोर टाकलेलं शहाळं पहिला मिनिटभर जागेवरच घुटमळलं, मुलं हसायला लागली. मग एक मोठी लाट येऊन गेली आणि ते जे निघालं ते मोजून चाळीस सेकंदांत बांधापलीकडे. त्या दिवशी आम्ही वाळूवरच बोर्डवर उभं राहायचा सराव केला आणि घरी आलो. जोराची ओढ सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकते. शंभर मीटर फ्रीस्टाइलमधले जगातले अव्वल पोहणारे साधारण त्याच वेगानं पोहतात, तेही तलावात आणि पाऊण मिनिट.

खाडीच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना निदान अर्धा किलोमीटर लांब राहा. तुमच्या पट्ट्यात मोचेमाडची खाडी आहे, दक्षिणेला तेरेखोल, उत्तरेला देवबागजवळ कर्लीची. ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी त्या तोंडातून बाहेर पडतं. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फार देखण्या उठतात, हेही सांगून ठेवतो, कारण तुम्ही त्या बघणार आणि तुमचा पाय तिकडे वळणार.

माझा वळला होता. विशीत होतो, पोहण्याचा माज होता. जुना बोर्ड कुणाकडून तरी घेतलेला, लीशचं, म्हणजे पाय बोर्डाला बांधणाऱ्या दोरीचं, वेल्क्रो झिजून गुळगुळीत झालेलं, 'आजचा दिवस निघेल' म्हणून तसंच पायाला बांधलं. ओहोटी लागली होती आणि लाटा सुरेख होत्या. तिसऱ्या की चौथ्या लाटेला पडलो, वर आलो तर घोट्याला दोरीचा ताणच जाणवेना. पट्टा सुटला होता. बोर्ड माझ्यापासून दहा हातांवर होता, मग वीस, मग मी बघायचं सोडलं. किनाऱ्यावर दोन माड आणि त्यांच्या मागे देवळाचं शिखर असं माझं निशाण होतं. शिखर दोन माडांच्या मधोमध दिसलं पाहिजे. ते एका माडाआड गेलं, मग पार दुसरीकडे बाहेर आलं. मी जीव खाऊन किनाऱ्याकडे पोहत होतो आणि माड बारीक होत होते. हात शिशासारखे झाले तेव्हा पोहणं थांबवलं. शहाणपण म्हणून नाही, अंगात राहिलंच नव्हतं म्हणून. उताणा पडून राहिलो, आणि त्यानंच वाचलो. ओढ खाडीच्या दांड्यापलीकडे गेल्यावर विरली आणि रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं, जाळं टाकायला निघालेल्या होडीनं मला उचललं. होडीतले म्हातारे काका एवढंच म्हणाले, "दर्याशी झुजतंस कित्याक?" बोर्ड परत मिळाला नाही.

म्हणून लीश. पायात घालण्याआधी वेल्क्रो दोन्ही हातांनी खेचून बघा, दोरीला चीर आहे का आणि बोर्डाकडची गाठ शाबूत आहे का ते बघा. वाळू भरलेलं वेल्क्रो धरत नाही, घरून येतानाच धुऊन आणा. मोकळ्या किनाऱ्यावर बोर्ड म्हणजे तुमची होडी आहे, आणि होडी कधी सोडायची नसते. पडताना उथळ पाण्यात डोकं पुढे करून सूर मारल्यासारखं पडू नका. पाठीवर किंवा कुशीवर सपाट पडा, वर येताना हात डोक्यावर. बांधावर पाणी कमरेइतकंच असतं आणि मानेला झालेली इजा आयुष्य बदलते. गणपतीपुळ्यासारखा किनारा, जिथे वाळू एकदम उतरते आणि लाट काठावरच धाडकन आपटते, बोर्डासाठी नाहीच. तिथे पोहायलाही नाही, तिथले फलक उगाच लावलेले नाहीत.

ओढीत सापडलात तर पहिली गोष्ट मनाला सांगायची की ही ओढ आत नेते, खाली खेचत नाही. बोर्ड असेल तर त्यावर पालथे पडा, कडा धरा, श्वास लागू द्या. मग किनाऱ्याकडे तोंड न करता बाजूला, जिकडे फेस दिसतोय तिकडे वल्हवा. फेस म्हणजे बांध, बांध म्हणजे उथळ पाणी, आणि तिथल्या लाटा तुम्हाला बाहेर ढकलतात. बोर्ड नसेल तर उताणे तरंगा, एक हात वर करून हलवा. 'किनाऱ्याला समांतर पोहा' हे आपण सगळ्यांना शिकवतो आणि ते बहुतेकदा चालतं. पण काही ओढी गोल फिरतात: खिंडीतून समुद्रात, बांधावरून परत किनाऱ्याकडे. अशा वेळी एका बाजूला पोहणं म्हणजे प्रवाहाच्या तोंडावर पोहणं. त्यामुळे दहा-पंधरा हात मारूनही एका बाजूला सरकत नसाल तर अट्टहास नको, तरंगा, थोड्या वेळानं दुसरी बाजू बघा. अंगातली ताकद हा तुमचा एकच साठा आहे.

आता तुम्ही न विचारलेलं. मित्र ओढीत गेला तर? सहा जणांच्या सहलीत एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा असं जाऊन तिघं बुडतात, हे मी नोकरीत असताना इतक्यांदा ऐकलं की संख्या सोडून दिली. तरंगणारं काही हातात असल्याशिवाय कुणी पाण्यात शिरायचं नाही, कितीही चांगला पोहणारा असो. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन आणि वीस-पंचवीस मीटर नायलॉनची दोरी, एवढं गाडीत टाका. कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवा, म्हणजे लांब फेकता येतो. बुडणारा माणूस ओरडत नाही हेही लक्षात असू द्या. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, हात बाजूला पाण्यावर दाबल्यासारखे, आणि गप्प. हे मिनिटभरसुद्धा टिकत नाही. म्हणून एक जण कायम वाळूवर, कोरडा, मोबाइलशिवाय. म्हणजे मोबाइल खिशात असू द्या, डोळ्यांसमोर नको. पाळी दर अर्ध्या तासाला बदला, नाहीतर तो कंटाळून आत येतो. बिअर घेतलेला माणूस या पाळीतही नको आणि पाण्यातही नको.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं हे सगळं सिनेमात. बुडालेल्याला हवा हवी असते. उताणा झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास, हे मदत येईपर्यंत. नुसते छातीचे दाब इथे पुरत नाहीत. आणि शुद्धीवर आला, हसला, 'मी ठीक आहे' म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं. १०८ रुग्णवाहिका, ११२ आपत्कालीन, १०९३ सागरी पोलीस, १५५४ तटरक्षक दल. किनाऱ्यावर पोचल्या पोचल्या रेंज कुठे येते ते बघून ठेवा. सुरूच्या बनात बहुतेक ठिकाणी येत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा. त्यात नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधला काळही बघा. सहा सेकंदांची मीटरभर लाट ही वाऱ्यानं उठलेली, चिडचिडी. चौदा-पंधरा सेकंदांची मीटरभर लाट हजारो किलोमीटरवरून आलेली असते आणि तिच्यात दुपटीहून जास्त जोर असतो. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि अचानक पाणी वाळूवर चढतं ते अशाच लाटांनी. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात ५ वैद्यकीय विद्यार्थी गेले ते अशा इशाऱ्याच्या दिवसांत. ऑक्टोबरात वादळांचाही हंगाम असतो. २०१९ चं क्यार आपल्या किनाऱ्याला धडकलं नव्हतं, लांबूनच गेलं, तरी सिंधुदुर्गातल्या किनारी गावांत लाटांचं पाणी शिरलं होतं. इशारा असेल तर बोर्ड गाडीवरच राहू द्या.

पायाखालच्या गोष्टी थोडक्यात. पाकट, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत पुरून बसतो, त्यामुळे पाण्यात पाऊल उचलून न टाकता घासत चाला, तो सरकतो. नांगी लागलीच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. काटा आत राहिला असेल तर ओढून काढू नका. निळ्या फुग्यासारखं काही वाळूवर दिसलं तर मेलेलं असलं तरी हात लावू नका.

रात्रीच्या डुंबण्याबद्दल एवढंच, की चांदण्यात पाणी फार सुंदर दिसतं आणि पाण्यातलं डोकं अजिबात दिसत नाही.

आणि शनिवारी पोचल्यावर शक्य झालं तर बोर्ड काढण्याआधी वाडीत जा. सकाळी रापण ओढणारी माणसं भेटली तर दोन मिनिटं दोरीला हात लावा, मग विचारा, "काका, आज ओढ खंय आसा?" त्यांचं जाळं रोज त्याच तळावरून घासत येतं. ते हातानं दाखवतील, त्या सुरूपासून त्या होडीपर्यंत उतरू नकोस म्हणून. तेवढा पट्टा सोडून द्या, आणि मग शहाळं टाकून बघा.